मनगट मोडलं, आता खुबा वाचवा

मोरीत पाय घसरतो, हात टेकवला जातो, मनगट मोडतं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं की घरात तो विषय बंद. पन्नाशीनंतर नुसतं उभ्या-उभ्या पडून हाड मोडलं, तर हाडं ठिसूळ झालीत असंच धरा आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचं डॉक्टरांना आपणहून विचारा. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी केलेली तुलना, उणे 2.5 किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. तरुणपणीपेक्षा उंची 4 सेंमीने घटली असेल तर पाठीचा एक्स-रेही काढा. मणका न दुखताही दबतो. पुढचा नंबर खुब्याचा लागू शकतो, आणि खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचातलं एक वर्षभरात दगावतं.

सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं आणि जपायचा दिवस तोच. घाई, ओली फरशी, वाटेत बादल्या. पिंप पाइपनेच भरा. 15 लिटरचा हंडा म्हणजे 15 किलो, भांड्याचं वजन वेगळं. तो कमरेतून वाकून उचलला की सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो आणि ती चेपते. आजीला पाणी लागलंच तर पाच लिटरची बादली, तीही अर्धी.

जुना टॉवेल किंवा चादरीचा तुकडा मोरीच्या दाराशी पायपुसणं म्हणून टाकायची आपल्याकडे घरोघर सवय. गुळगुळीत शहाबादी फरशीवर नेमका तोच सरकतो. तो काढा, खालून पकड असलेली रबरी मॅट टाका. फरशीवरचा साबणाचा थर आठवड्याला घासा. धरायची दांडी विटेच्या भिंतीत पक्की बसवा. नळाला धरून उठलं की नळच हातात येतो. पलंगापासून मोरीपर्यंत रात्री दिवा असू द्या.

ज्वारीची भाकरी चांगलीच, पण 100 ग्रॅम पिठात कॅल्शियम 30 मिग्रॅच्या आतबाहेर. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1,200 लागतं. नाचणीच्या तेवढ्याच पिठात साडेतीनशेच्या आसपास, 200 मिली दुधात 240. ऊन इथे हवं तेवढं आहे, पण दिवसभर घरात बिड्या वळणाऱ्या बाईच्या अंगावर ते पडत नाही, आणि काचेतून आलेल्या उन्हाचा ड जीवनसत्त्वासाठी उपयोग नाही. त्याची 60,000 युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक देतात. ती रोज घेऊ नका, कॅल्शियम रक्तात वाढतं.

खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, रोज दोनदा. जमत नसेल तर आधी खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

हाडांची झीज रोखणाऱ्या अ‍ॅलेन्ड्रोनेटची 70 मिग्रॅची गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. चहा त्यानंतरच, आधी घेतला तर औषध अंगी लागतच नाही. कॅल्शियमची गोळी दुपारी जेवताना. झीज रोखणारंच डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल तर सहा महिन्यांची तारीख चुकवू नका. त्याचा असर उतरला की मणके एकामागून एक दबू शकतात.