आवाज सरकला हे कानांना कधी कळतं? गच्चीवर मोजून पाहा

आंधळी कोशिंबीर खेळताना पट्टी बांधलेलं मूल नुसत्या पैंजणांवरून सांगतं, गडी कुठल्या बाजूला पळाला. ही जाण किती बारीक असते, ते दोघांना मिळून मोजता येतं. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज कानांना फसवतो, म्हणून वारा पडलेल्या संध्याकाळी गच्चीवर जा.

११५ सेंटीमीटर सुतळी घ्या. खुर्चीच्या मध्याखाली एक टोक दाबून दुसऱ्या टोकाला खडू धरा आणि समोर अर्धवर्तुळ ओढा. सुतळी एवढीच का? कारण मग रेषेवरचे २ सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ नेमका १ अंश. तशा खुणा करा.

खुर्चीवर बसणाऱ्याचे डोळे बांधा. मोबाइलवर पावसाचा सलग आवाज लावा. शिट्टीसारख्या एकसुरी आवाजाची दिशा ओळखणं अवघड जातं. मोबाइल धरणाऱ्याने अनवाणी राहावं, बांगड्या काढून ठेवाव्यात.

आता छापा-काटा करा. छापा आला तर डावीकडे, काटा आला तर उजवीकडे मोबाइल २० सेंटीमीटर सावकाश सरकवा. सुरुवातीची जागा दर वेळी बदला, नाहीतर आवाज कुठे थांबला एवढ्यावरूनच उत्तर मिळतं. आवाज डावीकडे सरकला की उजवीकडे, हे बसलेल्याने सांगायचं. ‘कळलं नाही’ हे उत्तर चालणार नाही, अंदाज तरी सांगायचाच. २० पैकी १५ उत्तरं बरोबर आली की अंतर घटवा. पंधराच्या खाली आलात की थांबा. त्याआधीचं अंतर ही तुमची मर्यादा. डोकं मात्र हलू देऊ नका. नकळत मान वळते आणि सगळी मेहनत वाया जाते.

मग खुर्ची वळवून एक कान रेषेकडे करा. मर्यादा एकदम वाढेल. समोरचा आवाज १ अंश सरकला की दोन कानांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतला फरक जेमतेम ९ मायक्रोसेकंदांनी (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांनी) बदलतो, आणि तेवढं कानांना पुरतं! कानाच्या अगदी बाजूला हाच बदल फार कमी होतो.

वेगही वाढवून पाहा. १९७७ साली पेरॉट आणि म्युझिकंट या संशोधकांना आढळलं की सेकंदाला ९० अंशांच्या वेगाने फिरणारा आवाज सरकल्याचं कळायला सुमारे ८ अंश लागतात. ३६० अंशांच्या वेगाला तब्बल २१.

शेवटी कान रेषेकडेच ठेवून मान मोकळी सोडा आणि पुन्हा मोजा. बसलेला माणूस आपोआप आवाजाकडे तोंड करेल. रस्ता ओलांडताना आपणही तेच करावं.