आधी जेवणाची खात्री, मग सुई

मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू झालं की घरात पहिला प्रश्न असतो, "किती युनिट?" तो आकडा डॉक्टर ठरवतात आणि बदलायचा झाला तर तेच बदलतात. आपल्या हातात असते ती वेळ. सुई कधी, ताट कधी, चालणं कधी. मी ठाण्यात नौपाड्याला राहते, ट्रान्स-हार्बरच्या लोकलने कोपरखैरण्याला नोकरीला जाते. दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेते आणि आईचंही इन्सुलिन मीच सांभाळते. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय: पथ्य पाळूनही शुगर वर-खाली होत असेल, तर आधी या तीन वेळांचा मेळ बसतोय का ते बघावं.

त्यासाठी आपलं इन्सुलिन कोणत्या प्रकारचं आहे हे माहीत हवं. साधं, म्हणजे रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यावं लागतं. लिस्प्रो, अस्पार्टसारखं झटपट काम करणारं जेवायला बसायच्या पाच-दहा मिनिटं आधी चालतं. ग्लार्जिनसारखं लांब पल्ल्याचं इन्सुलिन साधारण दिवसभर पुरतं. त्याचा जेवणाशी थेट संबंध नाही, पण ते रोज एकाच वेळी घ्यायचं. आईचं 30/70 आहे, म्हणजे दोन इन्सुलिनचं तयार मिश्रण. ते पांढुरकं, गढूळ दिसतं. घेण्याआधी बाटली दोन्ही तळव्यांमध्ये दहा वेळा हळू फिरवायची, मग दहा वेळा उलटसुलट करायची. खसाखसा हलवायची नाही. तळाशी पांढरा थर किंवा कण राहिले तर ती बाटली वापरायची नाही.

आता बाहेरचं जेवण. लग्नाचा मुहूर्त साडेबाराचा असतो आणि पंगत बसते दोनला. हॉलवर पोचल्या पोचल्या सुई घेऊन बसलात तर शुगर खाली जाणारच. मामलेदारच्या मिसळीसाठी रांगेत उभं असताना घ्यायची नाही, ताटली समोर आली की घ्यायची. "घरी जाऊन जेवतेच आहे" म्हणून लोकलमध्ये तर कधीच घ्यायची नाही. जुलैत रुळांवर पाणी आलं की वीस मिनिटांच्या प्रवासाचे दोन तास होतात, आणि पोटात गेलेलं इन्सुलिन गाडीची वाट बघत नाही. रेग्युलर घेणाऱ्यांना बाहेर हा अर्ध्या तासाचा हिशोब जमवणं कठीण जातं. अशा दिवशी काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवा.

पुढचा मुद्दा मी प्रत्येक घरात जाऊन सांगायला तयार आहे. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असतं आणि इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधलं, म्हणजे पेनात बसणाऱ्या औषधाच्या नळीतलं, 100 युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात, 40 वाल्या लाल टोपणाच्या आणि 100 वाल्या केशरी टोपणाच्या. आमच्या फ्रिजमध्ये आईच्या बाटल्या आणि माझी कार्ट्रिज दोन्ही असतात, म्हणून वेगवेगळे डबे केलेत. आईच्या डब्यावर लाल चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात "40" लिहिलंय. कधी पेन बिघडलं आणि कोणी कार्ट्रिजमधून 40 च्या सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर दहा नाही, पंचवीस युनिट अंगात जातात. अडीच पट. म्हणून कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध काढायचंच नाही. औषधाच्या दुकानात सिरिंज मागताना बाटली सोबत न्या आणि दोन्हींवरचा आकडा तिथेच जुळवून घ्या.

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. फ्रीझरमध्ये किंवा त्याला चिकटून नको, कारण एकदा गोठलं की ते फेकूनच द्यावं लागतं. वापरात असलेली बाटली किंवा पेन बाहेर राहिलं तरी चालतं, पण उन्हापासून लांब आणि बहुतेक प्रकारांत चार आठवडेच. नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर असतात. उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवर घाला. एप्रिल-मेमध्ये ठाण्यातल्या पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या घरात दुपारी खोली तापते, त्यात वीजही जाते. तेव्हा बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या भांड्यात ठेवावी, चांगला आधार मिळतो. उभ्या गाडीत इन्सुलिन ठेवून खरेदीला जाऊ नये.

सुई टोचण्यातही कसब आहे आणि ते कोणालाही जमतं. पेनला नवी सुई लावायची, दोन युनिट हवेत सोडायचे, टोकाला थेंब दिसला पाहिजे. मग आपला डोस लावायचा. 4 मिलिमीटरची सुई असेल तर मोठ्या माणसांना बहुधा चिमूट धरावी लागत नाही, सरळ काटकोनात घालायची. बटण पूर्ण दाबून मनात दहा आकडे मोजायचे आणि मगच बाहेर काढायची. लगेच काढली तर थेंब कातडीवर राहतो आणि डोस कमी पडतो. पोटावर घेताना बेंबीपासून दोन इंच सोडायचे. मी पोटाचे चार भाग मानते, आठवड्याला एक भाग, आणि प्रत्येक टोचणी आधीच्या जागेपासून बोटभर लांब. एकाच जागी घेत राहिलं की तिथे रबरासारखी गाठ होते. तिथे दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा तिथेच घेतो, आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी कमी तर कधी जास्त शोषलं जातं. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पोट आणि मांड्या चाचपून बघा. गाठ सापडली तर ती जागा सोडायची, पण डॉक्टरांना सांगून. चांगल्या कातडीवर तोच डोस जास्त लागू पडू शकतो.

वापरलेल्या सुया कपडे धुण्याच्या लिक्विडच्या जाड रिकाम्या बाटलीत टाका, भरली की टोपण घट्ट लावून "सुया" असं लिहून वेगळी द्या. घंटागाडीवरचे कामगार हाताने कचरा वेगळा करतात. त्यांच्या बोटात आपली सुई जाऊ नये, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

जेवणाबद्दल. "भात सोडा, भाकरी खा" हे सगळेच सांगतात, पण भाकरी किती मोठी ते कोणी विचारत नाही. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या. आमच्याकडे एका फुलक्याला 25 ग्रॅम कणीक लागते आणि ज्वारीच्या एका भाकरीला 70 ग्रॅम पीठ. म्हणजे फुलक्यातून साधारण 17 ग्रॅम पिष्ट पोटात जातं आणि भाकरीतून 50 च्या आसपास. एक भाकरी जवळजवळ तीन फुलक्यांइतकी. ज्वारी चांगलीच आहे, पोट भरतं, चोथा मिळतो, पण भाकरी हिशोबात धरायला हवी. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 28 ग्रॅम पिष्ट असतं, तेव्हा मोजलेला वाटीभर भात ताटात बसू शकतो. आधी कोशिंबीर, मग उसळ किंवा घट्ट वरण, मासे असतील तर मासे, आणि शेवटी भात, असं जेवलं तर शुगर सावकाश चढते. दीडशे ग्रॅम हापूसच्या गरात 22 ग्रॅमच्या आसपास साखर-पिष्ट येतं. आंबा खायचा तर त्या जेवणातला भात काढायचा, आणि आमरस करण्यापेक्षा फोडी खायच्या.

उपवासाचा विषय मात्र गंभीर आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा पडतो आणि ताटात प्रथिनं नावाला उरतात. शुगर आधी उसळते. मग संकष्टीचा चंद्र रात्री आठ ते दहाच्या दरम्यान कधीतरी उगवतो, तोवर पोट रिकामं, आणि सकाळचं 30/70 आत काम करतच असतं. उपवास करायचाच असेल तर त्या दिवसाचा डोस आणि खाणं डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या. आईने बाप्पासमोर हात जोडून सांगून टाकलंय, की नैवेद्य दाखवीन, आरती करीन, पण जेवीन वेळेवर. मला तिचा हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

चालणं मी जेवणाला जोडून घेतलंय. रात्री जेवून झालं की तलावपाळीला पंधरा मिनिटं, तेवढ्यानेही जेवणानंतरची शुगर खाली राहते. सकाळी कचराळी तलावावर चालायला निघण्याआधी बोट टोचून बघते. इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर 90 च्या खाली असेल तर आधी केळं किंवा दोन बिस्किटं खावीत. 250 च्या वर असून बरं वाटत नसेल तर त्या दिवशी व्यायाम नको. टाइप 1 असेल, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नसेल, तर अशा वेळी कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासावे. मांडीत इन्सुलिन घेऊन लगेच चालायला गेलं तर ते लवकर शोषलं जातं, म्हणून चालण्याआधीचं पोटावर घ्या. आणि व्यायामाचा परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. रविवारी येऊरला तीन-चार तास चढउतार केली, तर त्या रात्री झोपताना शुगर तपासल्याशिवाय झोपू नये. स्नायूंसाठी आठवड्यातून दोन-तीनदा हात न टेकता खुर्चीतून उठ-बस करा, आईसुद्धा करते.

शुगर 70 च्या खाली गेली, किंवा हात थरथरायला लागले, घाम फुटला, डोकं चालेनासं झालं आणि मीटर जवळ नसेल, तर लगेच अर्धा पेला पाण्यात तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. वर आल्यावर जेवणाला वेळ असेल तर पोळी-भाजीसारखं काही खा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर वळवून 108 ला फोन करायचा. पर्समध्ये साखरेच्या पुड्या आणि एक कार्ड ठेवा: "मी इन्सुलिन घेते. मी गोंधळलेली वाटले तर मला साखर द्या." मराठीत आणि हिंदीत. माझ्या लेडीज डब्यातल्या मैत्रिणींना ते कुठल्या कप्प्यात आहे हे ठाऊक आहे. लाजायचं काही कारण नाही.

ताप आला, जेवण जात नाही, म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. आजारपणात शुगर उलट वाढते. दर चार तासांनी तपासा, पाणी पीत राहा, डॉक्टरांना फोन करा. उलट्या थांबत नसतील किंवा श्वास खोल-खोल लागत असेल तर थेट रुग्णालय. आणि "कारल्याचा रस घ्या, इन्सुलिन सुटेल" असं टाइप 1 असलेल्या मुलाच्या आईला कोणीही सांगू नये. 1922 च्या जानेवारीत टोरंटोला चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी अशी मुलं उपासमारीच्या पथ्यावर जेमतेम काही महिने, फार तर काही वर्षं जगत. त्या मुलांसाठी इन्सुलिन हा जीव आहे.

पावसाळ्यात पाय रोज रात्री बघा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरा. बधिर पायांना काच लागलेली कळत नाही.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या. तारीख, उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतर दोन तासांची, किती युनिट, काय खाल्लं, किती चाललो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी कितीवर ठेवायची हे वयाप्रमाणे बदलतं. माझं उद्दिष्ट 7 च्या आत आहे, आईला डॉक्टरांनी थोडी सूट दिलीय. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि पायांची संवेदना वर्षातून एकदा तपासून घ्या. शुगर लो झाली असेल ती नोंद लाल शाईने करा, म्हणजे डॉक्टरांना डोस बदलताना ती आधी दिसेल.