टार्गेटेड गोळ्यांनी पोट बिघडलं तर
अफाटिनिब, नेराटिनिबसारख्या कॅन्सरच्या टार्गेटेड (कॅन्सरच्या पेशींवर नेम धरणाऱ्या) गोळ्या सुरू केल्या की पहिल्या काही दिवसांतच जुलाब लागू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारून लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी, आधीच आणून ठेवा, रात्री दोन वाजता कुठे शोधत बसणार! साधारण पहिल्या पातळ शौचाला 4 मिग्रॅ, मग दर वेळी 2, पण दिवसाला 16 च्या वर अजिबात नाही. ओआरएस एकदम ढोसू नका, घोट घोट घ्या. तळलेलं, तिखट, दूध बंद. इमॅटिनिब जेवणासोबत ग्लासभर पाण्याने घेतात, एर्लोटिनिब मात्र उपाशीपोटी, त्यामुळे आपल्या गोळीचं नीट विचारून घ्या. कितीदा गेलो ते मोबाईलमध्ये टिपा, लाजायचं काय त्यात. दिवसात नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जावं लागलं, ताप, रक्त किंवा चक्कर आली की लगेच डॉक्टरांना फोन, गोळी आपल्या मनाने बंद करू नका.