काळा धूर, काळे प्लग आणि २८ अंश

जुन्या पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज अचानक घसरलं. सायलेन्सरमधून काळा धूर, आयडलिंगला कच्च्या पेट्रोलचा वास. प्लग काढले तर चारही कोरड्या काजळीने माखलेले, म्हणजे मिक्श्चर रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त). मेकॅनिक ऑक्सिजन सेन्सर बदलायला निघाला होता (महागडा पार्ट, त्यांचा लाडका!). मी आधी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली रीडिंग दाखवणारं यंत्र) लावला. वरचा रेडिएटर होज हाताला चटका देतोय आणि स्क्रीनवर कूलंट २८ अंश! ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बिचारा इंजिन थंड समजून जादा पेट्रोल सोडत होता. फॉल्ट कोड नव्हताच. २८ हा आकडा त्याला खोटा वाटायचं कारण नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर थर्मोस्टॅटजवळचा, कूलंटचं तापमान मोजणारा दोन पिनांचा सेन्सर बदलला. आता रीडिंग ९०च्या आसपास, धूर बंद. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता, तेही बदलून टाकलं.