शोरूममध्ये भाव करताना

सांगलीत गाडी घ्यायची तर कोल्हापूरच्या शोरूमचंही कोटेशन हातात ठेवा. रोड टॅक्स राज्यभर सारखाच, आणि तिकडून घेतली तरी एमएच १० (सांगलीचं) पासिंग करून मिळतं. दोन्ही कोटेशन लेखी घ्या. तोंडी 'बघू की साहेब, करू काहीतरी' याला काडीचा अर्थ नाही.

ऑन-रोड किमतीवर घासाघीस करू नका, तिची फोड मागा. एक्स-शोरूम (म्हणजे टॅक्स-विम्याआधीची गाडीची किंमत), टॅक्स, विमा, ॲक्सेसरीज, हँडलिंग (गाडी हाताळल्याचे म्हणून शोरूम लावतं ते पैसे), सगळं वेगळं लिहून घ्या. टॅक्समध्ये कुणी एक रुपया कमी करू शकत नाही, पण विम्यात बरंच लपलेलं असतं. शोरूमचाच विमा घ्या अशी कायद्याने सक्ती नाही. नव्या कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा लागतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा १ वर्षाचा चालतो. तेवढ्याच कव्हरचा बाहेरचा दर फोनवर दाखवा, आकडा बऱ्याचदा तिथेच खाली येतो. हँडलिंग चार्ज तर सरळ खोडायला सांगा. मॅट आणि सीट कव्हर 'फ्री' म्हणतात, त्याऐवजी रोख सूट मागा (मॅट बाजारात स्वस्तात मिळतात).

पाडव्याला, दसऱ्याला गर्दीत कोण ऐकतंय! महिनाअखेरीला जा, टार्गेट अपुरं असलं की सेल्समन स्वतःच मॅनेजरच्या केबिनकडे पळतो. डिसेंबरात सूट चांगली असते, पण गाडी जुन्या स्टॉकमधली नाही ना, हे कळायला बाकी पैसे भरण्याआधी फॉर्म २२ वर (कंपनी गाडीबरोबर देते त्या प्रमाणपत्रावर) उत्पादनाचा महिना बघा.