जुनी शस्त्रे आणि पदके परदेशी पाठवण्याआधी कायदा काय म्हणतो

कोकणातील अनेक जुन्या घरांत खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर निघणारी तलवार, माळ्यावर पडलेली ठासणीची बंदूक किंवा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेलेल्या पणजोबांची पदके आजही सापडतात. घराच्या वाटण्या होतात, मुले परदेशी स्थायिक होतात आणि यातली एखादी वस्तू लंडनला किंवा न्यू जर्सीला धाडावी, असे कोणाच्या तरी मनात येते. मग भाव किती येईल आणि कुरिअर कोण घेईल याची चौकशी लगेच सुरू होते. वस्तूच्या वयाचा प्रश्न मात्र सर्वांत शेवटी निघतो. खरे तर तोच सर्वांत आधी सोडवला पाहिजे, कारण शंभर वर्षे वयाची वस्तू भारतातून बाहेर काढताना अडते आणि परदेशात शिरताना बहुधा त्याच वयामुळे सुटते.

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 हा कायदा 1976 पासून लागू आहे. ऐतिहासिक महत्त्वाची किंवा कारागिरीची वस्तू शंभर वर्षे जुनी झाली की ती या कायद्याखाली ‘पुरावशेष’ ठरू शकते; हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारला आणि त्याने प्राधिकृत केलेल्या संस्थेला आहे. वस्तू आपल्याच पणजोबांची आहे, ती विकायची नसून मुलाला भेट द्यायची आहे, ही कारणे येथे उपयोगी पडत नाहीत. शिक्षा किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावासाची असून त्याखेरीज दंडही होतो.

ही मर्यादा दरवर्षी पुढे सरकते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पहिल्या महायुद्धाचे रुपेरी ‘ब्रिटिश वॉर मेडल’ घेऊन त्याची कड उजेडात फिरवून पाहिली, तर तेथे शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली दिसते. तीस वर्षांपूर्वी अशा पदकाला वयाची अट लागत नव्हती. आज त्याने शंभरी गाठलेली असण्याची शक्यता मोठी आहे आणि कडेवरच्या नावामुळे त्याचे ऐतिहासिक मूल्यही नाकारता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातील ‘बर्मा स्टार’ मात्र अजून या मर्यादेबाहेर आहे.

वयाविषयी शंका असल्यास निर्णय स्वतः करू नये आणि जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या तोंडी ग्वाहीवरही विसंबू नये. वस्तू पुरावशेष आहे की नाही हे ठरवण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे आहे. त्याच्या मुंबई मंडळाचे कार्यालय शीवच्या किल्ल्यात आहे. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल, तर ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र तेथून मिळवावे. मुद्दाम काळपट केलेल्या नव्या पितळी नकला पाठवणाऱ्यांनीही ते घ्यावे, कारण कस्टम्सच्या अधिकाऱ्याला प्रथमदर्शनी दोन्ही सारख्याच दिसतात.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे वाट मोकळी झाली असे नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 10 नुसार शस्त्र देशाबाहेर नेण्यास किंवा देशात आणण्यास परवाना लागतो, मग ते बोटीने जावो, विमानाने जावो की प्रवाशाच्या बॅगेतून. शस्त्रांच्या व्याख्येत तलवार, खंजीर, संगीन आणि भालाही येतात. केवळ शेतीसाठी किंवा घरकामासाठी घडवलेली अवजारे वगळलेली असल्याने नारळ सोलायच्या कोयतीची चिंता करण्याचे कारण नाही. जुन्या बंदुकीला कलम 45 मध्ये सवलत आहे, परंतु ती बंदूक दुरुस्ती करूनसुद्धा झाडता येणार नाही अशी असावी लागते. नळी शाबूत आणि चाप तेवढा गंजलेला, अशी बंदूक या सवलतीत बसेल असे गृहीत धरू नये.

यानंतर मूठ आणि ढाल तपासावी. मुठीच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या कापलेल्या टोकाशी भिंगातून एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसली, तर तो हस्तिदंत असण्याची दाट शक्यता असते; हाडावर तशी जाळी नसते. जुन्या ढाली कित्येकदा गेंड्याच्या कातड्याच्या असत. अशा वस्तूंना वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 आणि साइट्स हा धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीचा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो. ब्रिटनचा हस्तिदंतविषयक कायदा जून 2022 पासून अमलात असून तेथे हस्तिदंताच्या विक्रीला मोजकेच अपवाद आहेत.

पोहोचण्याच्या देशातील नियम वेगळेच असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 50 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याच्या वक्र तलवारींवर 2008 पासून बंदी आहे. शंभर वर्षांवरील तलवारी, 1954 पूर्वी बनलेल्या तलवारी आणि पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारी तिच्यातून वगळल्या आहेत. म्हणजे 1970 च्या सुमाराची, कारखान्यात बनलेली तलवार भारतातून सर्व परवान्यांनिशी निघाली, तरी तिकडे जप्त होऊ शकते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात 1898 पर्यंत बनलेली बंदूक ‘अँटिक’ म्हणून बहुतेक बंधनांतून सुटते, पण तीच बंदूक वयामुळे भारतातून निघतानाच अडते. माल न्हावाशेवाहून निघून वाटेत दुसऱ्या देशाच्या बंदरात उतरणार असेल, तर तेथील नियमही आधी विचारून घ्यावेत.

तोफगोळ्यांबाबत थोडक्यात सांगायचे, तर गोळा पोकळ असून त्याला वातीचे भोक असेल, तर आत दारू शिल्लक असू शकते. तो उघडू नये, तापवू नये, पोलिसांना कळवावे. विजयदुर्ग किंवा सुवर्णदुर्गासारख्या संरक्षित किल्ल्यावरून उचललेली वस्तू तर मुळात आपली नव्हेच. शेतात पुरलेली सापडलेली मौल्यवान वस्तू 1878 च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते.

कागदपत्रांत वर्णन खरे आणि नेमके लिहावे. तलवारीला ‘घरगुती सामान’ म्हटले की सीमाशुल्क अधिनियम, 1962 च्या कलम 113 खाली माल जप्त होण्यास वेगळे कारण मिळते. उलट गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी नव्या नकलेच्या बिलावर ‘शिवकालीन’ असे छापणारेही आहेत. त्यांचा माल अडला, तर तक्रारीला जागा उरत नाही. शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायच्या घोषणापत्रावर, धातू, पात्याची लांबी, अंदाजे निर्मितीवर्ष आणि प्रमाणपत्राचा क्रमांक द्यावा, सर्व बाजूंची छायाचित्रे जोडावीत आणि कस्टम्स दलालाला माल बांधण्यापूर्वीच ती दाखवावीत. कुरिअर कंपन्यांच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत शस्त्रे बहुधा असतातच, त्यामुळे कंपनीचा होकार लेखी घ्यावा. काउंटरवरच्या माणसाने मान डोलावली, एवढ्यावर पार्सल सोपवू नये.