बँकॉकला उतरलात आणि नेट चालत नाहीये?

मागच्या वेळी सुवर्णभूमी विमानतळावर उतरलो, फोनला रेंजच्या दांड्या फुल्ल पण नेट काही चालेना, आणि हॉटेलचा पत्ता नेमका व्हॉट्सॅपवर! अर्धा तास डोकं फोडल्यावर कळलं की प्रवासासाठी घेतलेल्या ईसिमचं, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच बसणाऱ्या सिमचं, डेटा रोमिंगच बंद होतं. आपल्याला वाटतं रोमिंग लावलं की बिल येणार म्हणून आपण ते बंदच ठेवतो, पण ट्रॅव्हल ईसिम बरेचदा दुसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि थायलंडच्या नेटवर्कवर रोमिंगनेच चालतं.

तर सेटिंग्जमध्ये मोबाईल डेटासाठी ईसिम निवडा, त्याचं रोमिंग ऑन, आणि आपल्या इंडियाच्या सिमचं डेटा रोमिंग मात्र ऑफ. आयफोनवाल्यांनी डेटा स्विचिंग पण बंद करा, नाहीतर फोन आपोआप दुसऱ्या सिमचा डेटा वापरू शकतो. इंडियाचं सिम काढून ठेवू नका हां, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, फक्त इंटरनॅशनल रोमिंग घरूनच चालू करून निघा.

तरीही नाही चाललं तर एअरप्लेन मोड ऑन-ऑफ, मग फोन रिस्टार्ट, मग ऑटोमॅटिक काढून नेटवर्क स्वतः निवडा. शेवटी एपीएन बघा, म्हणजे फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारी सेटिंग. एआयएस या थाई मोबाईल कंपनीचं लोकल सिम असेल तर तिथे इंग्रजीत, सगळी स्मॉल अक्षरं, फक्त ‘इंटरनेट’ एवढंच टाकायचं. लोकल सिमला पासपोर्ट लागतो, आणि काउंटरवरच्या मुलीकडूनच सगळं सेट करून घ्या, नेट चालल्याशिवाय हलू नका.

ईसिमचा क्यूआर मात्र घरच्या वायफायवरच स्कॅन करा, आणि वैतागून ते डिलीट करू नका, बरेच कोड एकदाच चालतात.